लोणच्याच्या बरणीतली लेकरं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी देशी बदामाचं झाड आहे. थंडी सरत आली की त्याची पानं आधी पिवळी, मग तांबडी होतात आणि आठवड्याभरात सगळं झाड खाली उतरतं. झाडणाऱ्या बायका त्याला शिव्या घालतात. मी मात्र पिशवी घेऊन जाते आणि एकेक पान उलटंपालटं करून बघते. कीड नको, चिखल नको, नुसतं कोरडं करकरीत पान हवं. मागच्या आठवड्यात समोरच्या नव्या बिऱ्हाडातल्या बाईंनी विचारलंच, "वहिनी, काढा करता का हो याचा?" मी म्हटलं, "नाही हो, झिंग्यांना खायला घालते." त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग कपाळावरच्या भस्माकडे बघितलं, आणि "अस्सं का!" म्हणून घरात गेल्या. दार जरा जोरातच लागलं.

त्यांची तरी काय चूक? लिंगायताचं घर, श्रावणात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि सून झिंग्यांच्या गोष्टी करते! पण बाजारात वाळवून विकतात ते हे झिंगे नव्हेत. हे गोड्या पाण्यातले, करंगळीच्या नखाएवढे, लालबुंद, आणि खायचे नव्हे तर पाळायचे. काचेच्या टाकीत दिवसभर शेवाळ खुडत हिंडतात, पुढचे इवले चिमटे एकसारखे तोंडाकडे चालू. कामाचा उरक बघावा तर यांचा. ते आमच्या घरात कसे टिकले ते आठवायला मला दरवर्षी हे झाड पुरतं. पहिलं तांबडं पान हातात आलं की मी थेट त्या उन्हाळ्यात जाऊन पडते, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं.

त्याच वर्षी माघात माझं लग्न झालं. मी उदगीरची, आणि शिकले मत्स्यशास्त्र. हसा, सगळेच हसतात. अंड्याचं नाव निघालं तरी माझी आजी चूळ भरायची, आणि तिच्या नातीनं माशांचं शास्त्र शिकावं! प्रवेश मिळाला तिथं गेले, एवढी साधी गोष्ट होती. पण पहिल्याच वर्षी भिंगाखाली झिंग्याच्या पोटाखालची अंडी बघितली आणि माझा जीव तिथं जडला तो जडलाच. हैदराबादच्या दुकानातून सात लाल झिंगे आणले, सोबतीला चार गप्पी मासे. लग्नानंतर लातूरला सासरी येताना ती दीड हात लांबीची टाकी मी मांडीवर घेऊन आले. पाणी हिंदकळून शालू भिजतोय आणि शेजारी बसलेला नवरदेव ड्रायव्हरला "जरा सावकाश घ्या, मासे आहेत" म्हणतोय, हे आमच्या गल्लीनं अजून विसरलेलं नाही.

"हे किडे कुठं ठेवायचे?" सासूबाईंचा पहिला प्रश्न. त्यांना मी आत्या म्हणते.

"किडे न्हाईत आत्या, झिंगे हायत."

"पाय किती?"

"चालायचे दहा. पोहायचे वेगळे."

"मग किडेच की!"

शास्त्राच्या हिशेबानं त्या फार चुकत नव्हत्या. सासऱ्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते, मीही तेच म्हणायला लागले. डाळमिल त्यांनी माझ्या नवऱ्याच्या ताब्यात दिली होती आणि स्वतः दिवसभर घरात असायचे. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून टाकीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "बैठकीत ठेवा. आलं-गेलं माणूस बगंल." वाटलं, चला, जागा मिळाली.

मग उन्हाळा लागला. नळ पंधरा दिवसांवर गेला, मग महिन्यावर, आणि पुढं तोटी फिरवली की नुसतं फुस्स करायची. अंगणात निळे पिंप रांगेनं उभे, प्रत्येकावर झाकण आणि झाकणावर दगड. अंघोळीला माणशी एक बादली. अंघोळ घमेल्यात बसून करायची, ते पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. टँकरचा भोंगा वाजला की बायका हातातली पोळी तव्यावर सोडून पळायच्या, आणि पाईप ज्याच्या दारात आधी आला त्याचा चेहरा लग्नघरासारखा. खरं सांगू? मला तो उन्हाळा दुःखाचा म्हणून आठवतच नाही. मी पंचवीसची, नवी नवरी, आणि टँकरच्या रांगेत आठ दिवसांत सगळ्या गल्लीची ओळख झाली. एरवी एवढ्या ओळखीला दोन दिवाळ्या लागल्या असत्या.

पण एका सकाळी आत्या टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्या काचंत चाळीस लिटर पाणी हाय. गल्लीत लोक भांडी राखेनं घासायलेत अन् आपल्या बैठकीत किडे पवायलेत. लोक काय म्हणतील, राजी?"

त्यांचं खरंच होतं. तरीही मी टाकीपुढून हलले नाही. त्या घरातलं सगळं काही त्यांचं होतं, वास त्यांचे, भांडी त्यांची, रीत त्यांची. ती टाकी तेवढी माझी होती. संध्याकाळी तिच्यासमोर बसलं की मी पुन्हा मी व्हायचे. ती रिकामी करायची म्हणजे मी माहेरून काही आणलंच नव्हतं असं व्हायचं.

निवाडा अप्पांकडे गेला. ते सुपारी कातरत होते. "टाकीतलं पाणी आता माणसाच्या कामाचं न्हाई. हाय ते ऱ्हाऊ द्या. पण घरच्या पाण्यातला नवा थेंब त्यात पडायचा न्हाई. अव्वा, कबूल?" अव्वा म्हणजे आई; आमच्याकडं कर्नाटकाच्या वाऱ्यानं सुनेलाही माया आली की अव्वा म्हणतात. मी मान हलवली. आता लातूरचा चैत्र म्हणजे काय ते लातूरकरालाच ठाऊक. टाकीतलं पाणी रोज उन्हानं खाली खाली जायचं. मी माझ्या वाटणीच्या अंघोळीच्या बादलीतलं दोन तांबे पाणी काढून टबात ठेवायचे, टँकरच्या पाण्यातलं औषध उडून जायला एक दिवस उन्हात, आणि मग हळूच टाकीत. पाठ कोरडी राहिली तरी चालेल, असा माझा खाक्या.

आणि अशातच एक दिवस दिसलं. सातांमधली सगळ्यात मोठी मादी जड झाली होती. शेपटीखाली अंड्यांचा पिवळसर पुंजका, आणि ती बसल्या जागी पोहायच्या पायांनी त्याला एकसारखा वारा घालतेय. चोवीस तास, न थांबता. मी स्वयंपाकघरात पळत गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, ती पोटुशी आहे!"

आत्यांच्या हातात लाटणं होतं. त्या तशाच बाहेर आल्या, वाकल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या. "पोटाला धरून बसलीय की गं माय," असं पुटपुटल्या. त्या दिवसापासून "किडे" बंद झाले. पोटुशीला घराबाहेर काढायचं पाप त्या माउलीच्या हातून होणार नव्हतं. वर मलाच विचारायला लागल्या, "तिला काही खावंसं वाटत असंल का?" पालकाचं उकडलेलं पान तिला आवडतं, म्हटल्यावर भाजीतलं एक कोवळं पान रोज बाजूला निघायला लागलं.

अंड्यातून बाहेर यायला चारेक आठवडे. पण टाकीतले गप्पी मासे इवल्याशा पिल्लांना मटकावणार, हे मला माहीत होतं. मादीला वेगळं भांडं हवं होतं, तेही काचेचं. मी नुसतं म्हटलं, आणि आत्यांनी माळ्यावरून लोणच्याची मोठी बरणी काढली. "यंदा कैरी दिसंना. रिकामीच हाय, घे." तीन दिवस रिठ्याच्या पाण्यानं घासली तेव्हा कुठं तेलाचा वास गेला. टाकीतलंच जुनं पाणी, तळाशी शेवाळाचा गोळा, वर दोन बदामाची पानं, आणि आत ती पोटुशी. सुकी पानं पाण्यात कुजतात, त्यांच्यावर जो बुळबुळीत थर येतो तो पिल्लांचा पहिला घास. पानं कुणी आणली? अप्पांनी. गल्लीतली झाडलोटीत गेली होती, म्हणून शाळेच्या मैदानातल्या झाडाखालून, धोतराच्या ओच्यात.

त्या बरणीचं बारसंही अप्पांनीच केलं. त्या दिवसांत उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणून भारी चर्चा होती. माझा नवरा मला चिडवायचा, "माहेरी जायला आता परवाना लागंल बघ." अप्पांचं मूळ गाव जळकोटकडचं, म्हणजे तेही नव्या जिल्ह्यात जाणार. ते पेपरमधलं वाचून दाखवायचे, मग पेपर खाली ठेवून बरणीकडं बोट करायचे. "आमचा जिल्हा झाला की हो आधी. जुन्यात मोठे लहान्यांला खातेत, म्हून नवा काढावा लागला." दारात येईल त्याला ते तांदूळ निवडल्यासारखं सावकाश समजावून सांगायचे, की हा जुना जिल्हा, हा नवा.

एकदा मी धुणं वाळत घालत होते. अप्पांची हाक आली, आवाज पार पडलेला. "अव्वा, बिगी ये. एक गेली." टाकीच्या तळाशी झिंग्याचा पांढुरका देह आडवा पडला होता. मिशा, पाय, सगळं जिथल्या तिथं. मी हसले तर ते रागावले. "हसतीस काय? जीव हाय तो!"

"अप्पा, मोजा बरं."

त्यांनी बोटानं काचेवर मोजले. सहाच्या सहा चालत होते. मग तो देह? "कात टाकली तिनं. वाढायला लागली की जुनं कवच काढून ठेवतात."

"सापावानी?"

"सापावानी. आणि नंतर स्वतःच ते खाऊन टाकतात."

अप्पा खुर्चीत मागं रेलले आणि पोट धरून हसले. "आपलंच धडुतं आपणच खायचं! लई हुशार हाय जात." मग दोन दिवस गल्लीतल्या प्रत्येकाला ती कात दाखवून झाली.

आणि मग ती सकाळ. वीज गेली होती म्हणून मी बरणी खिडकीच्या उजेडात धरली. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग पानाच्या कडेवर एक ठिपका हलला. अख्खा झिंगा, तिळाहून बारीक, काचेसारखा आरपार, आणि त्यालाही मिशा! एक दिसला की डोळा तयार होतो. इथं एक, तिथं दोन, शेवाळाच्या धाग्यावर एक उलटा लटकलेला. जन्मून तासही झाला नसेल, आणि लागले की कामाला, चिमट्यांनी खुडायला! मी ओरडले. आत्या आल्या, अप्पा पूजेवरून अर्धे उठून आले, नवरा दाढीचा फेस घेऊन आला. चौघांची चार डोकी एका बरणीभोवती. "सतरा!" "न्हाई, अठरा, ते बग मागं!" शेवटी सत्तावीसवर एकमत झालं. आत्यांनी गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. त्या घरात मी किती दिवसांची होते कोण जाणे, पण त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं की मी पाहुणी नाही.

आता अप्पांना नीट दिसत नाही. तरी संध्याकाळी विचारतात, "किती?" मी काहीतरी मोठा आकडा सांगते, कारण आज टाकीत इतके आहेत की मोजणं बंद केलंय. "शंभर तर असतील, अप्पा." ते समाधानानं मान हलवतात. नळ आता आठवड्याला येतो आणि आम्ही त्यावरही कुरकुर करतो. माणूस किती पटकन विसरतं!

मला मात्र त्या गुळाच्या सकाळीनंतरचे दिवस विसरता येत नाहीत. पिल्लं होऊन आठवडा झाला असेल, तोच मोठ्या टाकीतले झिंगे मरायला लागले. आज एक, दोन दिवसांनी अजून एक. ही कात नव्हती. गुलाबी पडलेले खरे देह होते. ऊन फार आहे म्हणून मी टाकीला मिलचं ओलं पोतं गुंडाळलं, माझ्या बादलीतलं तांब्याभर पाणी आणखी वाढवलं. तरी तिसरा गेला, चौथा गेला. विचित्र म्हणजे गप्पी मासे ठणठणीत होते. बरणीतली मादी आणि पिल्लंही ठणठणीत. टाकीतलेच झिंगे का? पाचवा गेला तेव्हा मला रडू आवरेना. टाकीत एकच उरला होता. त्या मरणाला थांबवलं नाही तर ते बरणीपर्यंत येणार, हे दिसत होतं, आणि कारण कळत नव्हतं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अंघोळ, पूजा उरकून अप्पा बैठकीत आले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, त्यांना दिसत नव्हते. हातात तांब्याची छोटी घागर. आमच्याकडं टँकर आला की पहिलं पाणी त्या घागरीत भरलं जायचं, कुणाचा हात लागायच्या आधी. अप्पांच्या पूजेचं सोवळं पाणी ते. डावा तळहात, त्यावर गळ्यातलं इष्टलिंग, आणि त्या घागरीतली बारीक धार, हे त्यांचं लहानपणापासूनचं. घरात सगळ्यांचं पाणी तोडलं तरी त्या घागरीला कुणी हात लावला नव्हता. अप्पांनी उपरण्याचं टोक टाकीच्या तोंडावर धरलं आणि घागरीतलं उरलेलं पाणी त्यातून गाळून, हळूहळू, आत सोडलं. थेंब उडू नये अशा बेतानं.

घरच्या पाण्यातला थेंब पडायचा नाही, हा त्यांचाच शब्द. तो त्यांनी मोडला नव्हता. ते स्वतःच्या देवाच्या वाट्याचं देत होते. आणि तांब्याच्या घागरीत रात्रभर राहिलेलं पाणी माणसाला कितीही चांगलं असो, झिंग्यांना ते चालत नाही. पाण्यात उतरलेला तांब्याचा अंश थोडा थोडा साचत जातो आणि मारतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्क घेतले होते.

मला बघून ते ओशाळून हसले. "तुझी पाठ कोरडी ऱ्हाते, म्हाईत हाय मला. म्हून मी बी देतो जरासं. चांगलं पाणी हाय, सोवळं. आता लेकरायला बी देतो." आणि घागर बरणीकडे वळली.

मी धावत जाऊन अप्पांचा हात धरला. सासऱ्याचा हात! त्या घरात असं कधी घडलं नसेल. आणि तोंडून निघालं, "नका अप्पा, विष आहे ते त्यांना!"

पूजेच्या पाण्याला मी विष म्हणाले. आत्या दारात येऊन उभ्या होत्या. मी अडखळत तांब्याचं सांगितलं, माशांना लवकर बाधत नाही, झिंग्यांना बाधतं, सगळं सांगितलं. अप्पांनी घागर खाली ठेवली.

"पाच गेले ते माझ्यानं?"

नुसतं "नाही" म्हटलं की झालं असतं. उन्हानं, म्हणता आलं असतं. पण खोटं बोलले असते तर उद्या ते पाणी बरणीत पडलं असतं. मी म्हटलं, "हाव, अप्पा."

त्या दुपारी ते जेवले नाहीत. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सांगायचं कशाला? गुपचूप बरणी हलवायची होतीस." मीही मनात ठरवलं, बरणी उचलायची आणि उदगीरला नेऊन ठेवायची. एका बरणीपायी एवढ्या चांगल्या माणसाला मी जेवणावरून उठवलं. संध्याकाळी अप्पांनी मला हाक मारली. "त्यांना कुठं टाकलंस?" बेलाच्या कुंडीत पुरलेत, म्हटलं. ते उठले, चिमूटभर भस्म घेऊन कुंडीपाशी गेले आणि मातीवर लावून आले. मग म्हणाले, "टाकीत उरलेला एक हाय न्हवं? त्याला बी बरणीत घाल. त्या पाण्यात नको." नंतर ते दोन दिवस बैठकीत बसले, पण बरणीजवळ गेले नाहीत. पिंपांनी तळ गाठला होता आणि बरणीतलं पाणी अर्ध्याच्या खाली आलं होतं.

तिसऱ्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला. पाईप आमच्या दारात आला तेव्हा अप्पा कुंभारवाड्यातून आणलेला नवा माठ घेऊन उभे होते. "आधी ह्यात," म्हणाले. घागर कुठं दिसत नव्हती. आम्हाला वाटलं, माठ झिंग्यांसाठी आणि घागर मागून भरतील. एक दिवस माठातलं पाणी मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पूजेला बसले, डाव्या तळहातावर लिंग घेतलं, आणि माठातला पेला भरून त्याचीच धार धरली.

आत्या कळवळल्या. "अहो, हे काय? जन्मभर तांब्याच्या घागरीतलं वाहिलंत महादेवाला. आज मातीतलं?"

"पहिलं पाणी एकच असतंय. दोन भांडी कशी भरायची?" अप्पांनी पूजा पुरी केली, लिंग गळ्यात घातलं, मग पेल्यात उरलेलं पाणी घेऊन माझ्यासमोर आले आणि पेला माझ्या हातात दिला, बरणीत घालायला. "महादेवाला मातीतलं बी चालतंय. ह्या लेकरायला तांब्यातलं चालत न्हाई. मग समजून कुणी घ्यायचं, अव्वा? थोरल्यानंच की."